खेळाडूचा अस्थिर घोटा आणि आपला बंधविचार

दिवाळी सरली की गावोगाव कबड्डी व खो-खोच्या स्पर्धांना रंग चढू लागतो आणि त्याबरोबरच आपल्या चिकित्सालयांत पाय मुरगळलेल्या तरुणांची ये-जा वाढते. या तरुणांच्या मागणीत अलीकडे एक बदल झालेला दिसतो. पूर्वी ते लेप मागत, शेक मागत, चोळायला तेल मागत. आता ते सरळ म्हणतात, "टेप बांधून द्या." दूरदर्शन संचावर नामवंत खेळाडूंच्या घोट्यांवर पांढऱ्या, निळ्या, गुलाबी पट्ट्या त्यांनी पाहिलेल्या असतात. औषधी दुकानदारांनीही मागणी ओळखून या पट्ट्यांची वेटोळी काचेच्या कपाटात दर्शनी ठेवली आहेत. बांधणारे आपण, विकणारे आपण आणि खेळणारी आपलीच मुले, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच या विषयावर आपल्या व्यवसायबंधूंशी मोकळेपणाने बोलावे असे वाटले.

आरंभ माझ्याच चुकीपासून करतो. माझ्याकडे एकोणीस वर्षांची एक खो-खोपटू येत असे. प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी ती यायची आणि म्हणायची, "डॉक्टरकाका, उद्या सामना आहे, तेवढी पट्टी घट्ट बांधून द्या." मी बांधून देत असे. ती खेळायची, जिंकायची, पेढे घेऊन यायची. दोन हंगाम हा क्रम चालला. संघातील इतर मुलीही येऊ लागल्या आणि मलाही त्याचे थोडे भूषण वाटू लागले. पुढे एका संध्याकाळी एसटीच्या पायरीवरून उतरताना तिचा तोच पाय आत वळला आणि बाहेरच्या घोट्याचे हाड मोडले. त्या दिवशी सामना नव्हता, म्हणून पट्टीही नव्हती. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. वर्षभर पहाटे उठून ज्या आठशे मीटरच्या धावेसाठी तिने कष्ट केले होते, ती धाव तिला धावता आली नाही.

हाड जुळल्यावर मी तिला प्रथमच विचारले, "हा पाय आजवर किती वेळा मुरगळला असेल गं?" ती म्हणाली, "मोजलं नाही काका, पण सात-आठ वेळा तरी." मग तिला त्या पायावर डोळे मिटून उभे राहायला सांगितले. चार सेकंदांत तिचा तोल गेला. दुसऱ्या पायावर ती अर्धा मिनिट सहज उभी राहिली. या परीक्षेला ना उपकरण लागते, ना पैसा. दोन वर्षांत माझ्या हातून ती एकदाही झाली नव्हती. मी घोटा बांधत राहिलो, घोट्याची परीक्षा मात्र केली नाही.

जुनाट अस्थिर घोटा म्हणजे नेमके काय, हे प्रथम स्पष्ट असावे. पहिली मोठी मुरगळ होऊन वर्ष उलटले, तरी पाय पुन्हापुन्हा वळतो, चालताना अचानक 'दगा देतो' आणि खेळाडूला त्या पायाचा भरवसा वाटत नाही, अशा अवस्थेला ही संज्ञा दिली जाते. ही अवस्था विरळा नाही. डब्लिन येथील संशोधकांनी पहिल्यांदाच पाय मुरगळलेल्या व्यक्तींचा वर्षभर पाठपुरावा केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४० टक्के व्यक्तींना वर्षाअखेर ही अवस्था प्राप्त झाल्याचे आढळले. 'साधी लचक आहे, आठ दिवसांत बरी होईल' हे आपले नेहमीचे आश्वासन किती जणांच्या बाबतीत अपुरे ठरत असेल, याची यावरून कल्पना यावी.

बाहेरच्या घोट्यापासून निघणाऱ्या तीन बंधांपैकी पुढचा बंध सर्वांत दुबळा असतो. पाऊल खाली झुकलेले आणि आत वळलेले असताना प्रथम तोच ताणला जातो वा फाटतो. येथे परिभाषेचा एक खुलासा करणे इष्ट होईल. बोली मराठीत 'स्नायू' म्हणजे मांस. आपल्या शास्त्रात मांसाला 'पेशी' म्हणतात, आणि 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. फळ्या जोडून दोरांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यात भार वाहते, तसे स्नायूंनी बद्ध झालेले सांधे शरीराचा भार वाहतात, ही सुश्रुतांची उपमा आपणा सर्वांना परिचित आहे. दोर एकदा सैल झाला की नाव बुडतेच असे नाही, पण प्रत्येक लाटेला ती थोडी अधिक उघडते.

परंतु केवळ दोर सैल होणे एवढेच या विकाराचे स्वरूप नाही. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी १९६५ सालीच असे मांडले की, बंधांमध्ये सांध्याच्या स्थितीचे ज्ञान करून देणारी नाडीतंतूंची टोकेही असतात आणि मुरगळीत तीही दुखावतात. पाऊल वळू लागल्याची सूचना उशिरा पोहोचते आणि जंघेच्या बाहेरील पेशी ते सावरण्यास उशिरा धावतात. म्हणून काहींचा घोटा हाताने तपासला असता घट्ट लागतो, तरीही तो दगा देतो. फ्रीमन यांनी यावर डुलत्या फळीवर उभे राहून करावयाचे व्यायाम सुचविले होते. त्यानंतर त्यांच्या उपपत्तीत पुष्कळ भर पडली, दुरुस्त्याही झाल्या. तथापि अस्थैर्याचे एक अंग बंधांत आणि दुसरे अंग नियंत्रणात असते, हा विचार आजही मान्य आहे. आपल्या भाषेत बोलायचे, तर येथे स्नायूंची दुष्टी आहे आणि गतीचा नियामक जो वायू त्याचीही विकृती आहे. विषम पाऊल पडल्याने वायू घोट्याच्या ठिकाणी आश्रय घेतो, हे वातकंटकाचे वर्णन या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे.

आता पट्टीकडे वळू. आपल्या क्षेत्रात याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही म्हणतात, 'हे काम भौतिकोपचार करणाऱ्यांचे, आपला त्याच्याशी संबंध नाही.' काही म्हणतात, 'हे सारे सुश्रुतांनी आधीच सांगून ठेवले आहे, नवीन काही शिकण्याची गरज नाही.' मला ही दोन्ही मते सोयीची वाटतात, कारण दोन्हींमुळे शिकण्याचे कष्ट वाचतात.

संबंध नाही असे म्हणणे तर अशक्यच आहे. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात चौदा बंध सांगितले आहेत आणि त्यांतील स्वस्तिकबंध सांध्यांसाठी सांगितला आहे. आज घोट्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी जी पट्टी फिरवतात, तिचे रूप याहून फार वेगळे नाही. स्नायू, संधी व अस्थी यांत गेलेल्या वायूसाठी स्नेहन, उपनाह, अग्निकर्म व मर्दन यांच्या पंक्तीला बंधनही बसवले आहे. गुल्फ हे मर्म असून त्याच्या आघाताने वेदना, पायाची स्तब्धता व लंगडेपणा येतो, हेही शारीरस्थानात नमूद आहे.

परंतु सारे सांगून ठेवले आहे हे म्हणणेही तितकेच अर्धवट आहे. सूत्रस्थानातील बंधविधी मुख्यतः व्रणासाठी आहे आणि तेथे सांध्यावरचा बंध शिथिल असावा असे सांगितले आहे. भग्नचिकित्सेत मात्र निराळा विचार येतो. तेथे अतिशिथिल बंधाने संधीला स्थैर्य येत नाही, अतिगाढ बंधाने त्वचादींना शोथ, वेदना व पाक होतो, म्हणून साधारण बंध प्रशस्त मानला आहे. तोही ऋतुमानाप्रमाणे थंडीत सात, साधारण ऋतूत पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावा असे सांगितले आहे. तात्पर्य, एकाच सांध्यावरचा बंध हेतू बदलला की बदलतो. धावत्या, उड्या मारणाऱ्या खेळाडूच्या घोट्यावरचा बंध हा तिसराच हेतू आहे आणि तो संहितेत जसाच्या तसा सापडणार नाही. संहितेने आपल्याला विचाराची रीत दिली आहे. पट्टी कोठून कोठे न्यावी हे हाताने शिकावे लागेल, मग शिकविणारा कोणत्याही शाखेचा असो.

पट्टीचा उपयोग होतो का? होतो, आणि तो मान्य केलाच पाहिजे. पूर्वी घोटा दुखावलेल्या खेळाडूंमध्ये पट्टीने अथवा तयार घोटापट्ट्याने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित आढाव्यात निघाला. मात्र ही मदत कशी होते, हे पाहिले की तिच्या मर्यादाही दिसतात. १९६२ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या पट्टीचा सुमारे ४० टक्के आधार केवळ दहा मिनिटांच्या जोरकस व्यायामानंतर नाहीसा झाल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अस्थिर घोट्याच्या व्यक्तींना एकदा खरी पट्टी, एकदा केवळ देखाव्याची पट्टी आणि एकदा पट्टीविना उड्यांची व तोलाची परीक्षा द्यावयास लावले. प्रत्यक्ष कामगिरीत तिन्ही वेळा उल्लेखनीय फरक पडला नाही. तरीही पट्टी असताना, अगदी देखाव्याची असतानाही, त्यांना घोटा अधिक स्थिर वाटला.

हा भरवसा तुच्छ लेखावा असे मी म्हणणार नाही. भीतीने पाऊल चोरून टाकणारा चढाईपटू स्वतःला अधिकच इजा करून घेतो. पण जो भरवसा पट्टीबरोबर येतो, तो पट्टीबरोबरच उतरतो. पट्टी सामन्यापुरती असते. एसटीची पायरी, शेताचा बांध, अंधारातला उंबरठा हे पट्टीविना ओलांडायचे असतात. माझ्या त्या खेळाडूचा घोटा मोडला तो नेमका याच ठिकाणी.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, जुनाट अस्थिर घोट्याला पट्टी बांधावी, पण संतुलनाचा व्यायाम सुरू केल्यावाचून दुसऱ्यांदा बांधू नये. पहिली पट्टी गरज म्हणून बांधावी. दुसऱ्या वेळी तोच खेळाडू त्याच घोट्यासाठी आला, तर व्यायाम किती दिवस केला हे विचारल्यावाचून वेटोळ्याला हात लावू नये. नेदरलँड्समधील व्हॉलीबॉलपटूंवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तोलफळीवरील व्यायामाने घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले आणि हा लाभ आधी घोटा दुखावलेल्या खेळाडूंनाच झाला. म्हणजे ज्यांना आपण केवळ पट्टी बांधून परत पाठवतो, नेमक्या त्यांनाच.

या व्यायामाला खर्च नाही. सुरुवातीस भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद उभे राहावे. ते जमल्यावर डोळे मिटून. त्यानंतर घडी केलेल्या गोधडीवर. त्यानंतर उभे असतानाच चेंडू झेलत. वृक्षासन ही आपल्या घरातलीच पहिली पायरी आहे, मात्र स्थिर जमिनीवरच्या आसनावर थांबून चालत नाही. जोडीला पाऊल बाहेर वळविण्याचा व्यायाम जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी अडकवून करावा. शेवटी दोन पायांवरील, मग एका पायावरील उड्या व दिशा बदलून धावणे. रोज दहा-पंधरा मिनिटे, निदान सहा ते आठ आठवडे. हे लिहून द्यावे आणि औषधाच्या मात्रेइतक्याच गांभीर्याने सांगावे. आपण तोंडी सांगतो ते खेळाडू दारातच विसरतो.

प्रत्यक्ष बांधणीविषयी चार गोष्टी सांगतो. पहिली अशी की, ताज्या मुरगळीत घाई करू नये. घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर, पावलाच्या बाहेरील कडेवरील पाचव्या हाडाच्या मुळाशी किंवा आतील बाजूच्या नौकाकृती हाडावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर प्रथम क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे मांडलेले हे नियम जगभर वापरले जातात आणि ते पाळण्यात आपल्याला कमीपणा नाही. सूज चढत असताना घट्ट वेढे देणे तर धोक्याचेच आहे.

दुसरी गोष्ट तेलाची व लेपाची. अभ्यंग केलेल्या त्वचेवर चिकटपट्टी धरत नाही, आणि ओल्या लेपावर बांधली तर त्वचा पांढरी पडून सोलते. वाळलेला लेप अंगावर राहू देऊ नये हा तर शास्त्राचाच दंडक आहे. म्हणून स्नेहन, स्वेदन सामन्याच्या आदल्या दिवशी आटोपावे. बांधण्यापूर्वी पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा, दाट केस असल्यास काढावेत आणि त्वचेवर फोमचे पातळ अस्तर घ्यावे.

तिसरी गोष्ट स्थितीची. पाऊल नडगीशी काटकोनात हवे. वर पोटरीच्या खालच्या भागात आणि खाली पावलाच्या मध्यावर आधाराचे वेढे घ्यावेत. रिकिबीसारखी पट्टी आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेर वर ओढावी, म्हणजे पाऊल आत वळण्यास विरोध होतो. उलट ओढल्यास आपणच त्याला वळण्यास मदत करतो, आणि ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्यावर स्वस्तिकाकार वेढे आणि टाच दोन्ही बाजूंनी धरणारे वेढे द्यावेत. सुरकुती राहू देऊ नये.

चौथी गोष्ट बांधून झाल्यावरची. अंगठ्याचे नख दाबून सोडावे. रंग लगेच परतला पाहिजे. मुंग्या, बधिरता, गारवा जाणवला तर तत्काळ सोडावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना अशी पट्टी बांधू नये. खेळ संपला की पट्टी काढावी. ती अंगावर घेऊन झोपू नये.

आता औषधी दुकानदार मित्रांना दोन शब्द. न ताणणारी झिंक ऑक्साईडची चिकटपट्टी आणि ताणली जाणारी रंगीत पट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रंगीत पट्टी १९७० च्या दशकात जपानच्या केंझो कासे यांनी प्रचारात आणली. ती सांध्याची हालचाल अडवावी म्हणून बनवलेलीच नाही, त्यामुळे घोटा आत वळण्यापासून रोखण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. गिऱ्हाईक रंग पाहून मागते. त्याला हा फरक सांगणे आपले काम आहे. तसेच, ज्याला हंगामभर आधार हवा आहे त्याला नाडीने आवळायचा घोटापट्टा अधिक परवडतो. तो पुन्हापुन्हा वापरता येतो, स्वतःचा स्वतः बांधता येतो आणि पुन्हा मुरगळू न देण्याच्या कामी पट्टीच्या बरोबरीचा आहे. यात आपली वेटोळ्यांची विक्री घटेल हे खरे. पण पट्टी मागणाऱ्याला 'पहिल्यांदाच मुरगळला का? चार पावले चालता येते का? कुणाला दाखवले का?' हे तीन प्रश्न विचारणारा दुकानदार गावात विश्वासाचा माणूस ठरतो, आणि तो विश्वास वेटोळ्याहून अधिक टिकतो.

एक भान मात्र सर्वांनीच ठेवावे. तीन महिने नियमाने व्यायाम करूनही घोटा दगा देत असेल, सांधा अडकत असेल अथवा खोलवर वेदना टिकून असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. फाटलेले बंध शिवून दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली आणि तिची सुधारित रूपे आजही केली जातात. लाक्षादी गुग्गुळ व महानारायण तेल यांवर माझी श्रद्धा आहे, परंतु वर्षानुवर्षे सैल पडलेला बंध केवळ त्यांनी पूर्ववत होईल असे आश्वासन देण्याचे धाडस मी करणार नाही.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरली. दोन महिने ती रोज संध्याकाळी घराच्या अंगणात गोधडीवर एका पायावर उभी राहायची, आणि धाकटा भाऊ तिच्याकडे चेंडू फेकायचा. आता ती सामन्याला घोटापट्टा लावते, एरवी तिला कशाचीही गरज पडत नाही. तिची हुकलेली भरती मात्र हुकलीच. पुढची जाहिरात निघेपर्यंत तिला थांबावे लागले. माझ्या दोन वर्षांच्या घट्ट पट्ट्यांची ती किंमत होती आणि ती मी दिली नाही, तिने दिली.

आपल्या संघटनेने येत्या हंगामापूर्वी प्रत्येक जिल्हा शाखेत एक दिवसाचे बंध-प्रशिक्षण घ्यावे, त्यात बांधणीइतकाच वेळ घोट्याच्या परीक्षेला व संतुलनाच्या व्यायामाला द्यावा आणि औषधी दुकानदारांनाही अगत्याने बोलवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. तोपर्यंत आपापल्या चिकित्सालयात एक गोष्ट उद्यापासूनच करता येईल. पट्टी मागणाऱ्या खेळाडूला आधी एका पायावर उभे करून, डोळे मिटायला सांगावे आणि आपण घड्याळाकडे पाहावे.